बैलांनी ओढलेली फेरारी आणि आमची पाणंद



२०२४ साल सरता सरता रायगड जिल्ह्यातल्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक मोटार वाळूत रुतली. मोटार साधीसुधी नव्हती, फेरारी होती. इटलीत बनलेली, कोट्यवधी रुपयांची, शेकडो घोड्यांच्या ताकदीची, उधळलेला घोडा हेच जिचे चिन्ह. माणसांनी जोर लावून पाहिला, गाडी हलेना. अखेर एका बैलगाडीला दोर बांधला आणि बैलांनी ती ओढून काढली. ते चित्रीकरण देशभर मोबाइलवर फिरले. अडला हरी गाढवाचे पाय धरी असे आपण म्हणतो. या हरीला बैल भेटले, एवढे त्याचे नशीब.

आमच्या गावातही पारावर बसून आम्ही ते पाहिले आणि पोट धरून हसलो. तेवढ्यात एक म्हातारे बाबा म्हणाले, "हसता काय लेकहो? मागच्या भादव्यात आपली गाडी कोणी ओढली होती?"

सगळे एकदम गप्प झाले.

भादव्यातली ती रात्र कोणी विसरलेले नव्हते. शेतातल्या वस्तीवर एका गड्याला साप चावला. गावात दोन जुन्या व्हॅन आणि एक जीप. एक व्हॅन निघाली, पाणंदीत शिरली आणि दीड किलोमीटरच्या वाटेवर तिसऱ्या फर्लांगालाच पोटापर्यंत बसली. चाक फिरले की चिखल उडे, गाडी आणखी खाली जाई. शेवटी बैल जुंपले. गड्याला बैलगाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणले आणि तिथून दुसऱ्या गाडीने दवाखान्यात नेले. गडी वाचला. वाचला म्हणून आज हे लिहिता येते. त्या रात्रीचे चित्रीकरण कोणी केले नाही. आमची गाडी रुतली तर ती बातमी होत नाही. आमच्या वाटेवर गाडी रुतायचीच असे सगळ्यांनी गृहीत धरले आहे.

रेवदंड्याची गाडी आणि आमची गाडी, दोन्ही बैलांनीच काढल्या. फरक एवढाच की रेवदंड्याच्या गाडीला रस्ता होता, ती तो सोडून हौसेने वाळूत गेली. आमच्या गाडीला रस्ताच नव्हता. हा फरक या लेखाचा विषय आहे.

किनाऱ्यावर काय पाहिले

आमच्या गावचा एक मुलगा उरणला बंदरावर ट्रेलर चालवतो. त्याच्याकडे गेलो असताना आम्ही चौघे अलिबागला जाऊन आलो. नागावची पुळण पाहिली. पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू. रविवार होता. मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागलेली. त्यात काही गाड्या खास नटवलेल्या. रोजच्याच वापराच्या गाड्या, पण उंच केलेल्या, रुंद टायर चढवलेल्या, टपावर दिव्यांची माळ, पुढे लोखंडी कठडा, बाजूला हत्तीच्या सोंडेसारखी हवेची नळी. वर तंबू. हे सारे कशासाठी, असे आम्ही एका तरुणाला विचारले. तो म्हणाला, "काका, साहस म्हणून. जिथे रस्ता संपतो तिथे आमची मजा सुरू होते."

जिथे रस्ता संपतो तिथे आमचे शेत सुरू होते. पेरणी, वेचणी, बाळंतपण, आजारपण हे सगळे आम्ही रस्ता संपल्यानंतरच करतो. आम्हाला आजवर कोणी साहसी म्हटले नाही, मागासलेले म्हटले.

तिथे एक गाडीवान भेटला. पर्यटकांना घोडागाडीतून फिरवतो, अडकलेल्या मोटारीही काढून देतो. त्याला विचारले, "दादा, इतक्या गाड्या अडकतात कशा?" तो म्हणाला, "गाडी अडकत नाही काका, माणूस अडकवतो. ओली घट्ट वाळू सोडून कोरड्या वाळूत घालतो, रुतली की जोरात रेस करतो, आणि भरती कधी येणार ते विचारत नाही."

भरतीचा त्याचा हिशेब ऐकून आम्ही थक्क झालो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमाराला, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला. भरती दिवसातून दोनदा येते आणि दर दिवशी पाऊण तास पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर चढते. ज्याला हे ठाऊक नाही त्याची लाखांची गाडी खाऱ्या पाण्यात उभी राहते. ज्याचे शेत त्यालाच त्याची ओल कळते, तसेच हे.

वाळूला आणि चिखलाला घोडे लागत नाहीत

फेरारी रुतली ती ताकद कमी पडली म्हणून नव्हे. मऊ जमिनीत तीन गोष्टी लागतात. गाडीचे पोट जमिनीपासून उंच असावे, चाकाने जमिनीवर टाकलेला दाब कमी असावा, आणि चाक जागच्या जागी फिरू नये. फेरारीचे पोट जमिनीला टेकायला आलेले, टायर डांबरी रस्त्यासाठी कडक फुगवलेले आणि पायाखाली प्रचंड ताकद. ताकदीने चाक फिरले, चाकाने खड्डा केला, पोट टेकले, खेळ संपला.

बैलाकडे या तिन्ही गोष्टी जन्मजात आहेत. त्याचा खूर दुभंगलेला. पाय टाकला की फाकतो, उचलला की मिटतो, म्हणून चिखल त्याला धरून ठेवत नाही. बैलगाडीचे चाक मोठ्या घेराचे, म्हणून ते खड्ड्यात न पडता त्यावरून जाते. मोटारवाले ज्याला आज नवे शास्त्र म्हणतात ते आमच्या सुताराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

आणि गाडीत फेरफार करणे हेही आम्हाला नवे नाही. आमच्या आज्यांच्या काळी लाकडी चाकाला लोखंडी धाव असे. पुढे गावच्या लोहाराने मोटारीचा जुना आस आणि जुने टायर बसवून टायरगाडी केली. ओढ हलकी झाली, त्याच बैलजोडीने जास्त माल नेता येऊ लागला. तो फेरफार कोणत्या कारखान्याने शिकवला नाही, कोणत्या जाहिरातीने खपवला नाही. गरजेने केला आणि ऐपतीत केला.

एका क्विंटल कापसात काय होते

आता आमच्या पोरांकडे वळतो, कारण ही टीका फक्त शहरावर नाही. किनाऱ्यावरच्या त्या सोंगाची नक्कल आता तालुक्याच्या गावी सुरू झाली आहे. जुनी व्हॅन किंवा जीप घ्यायची आणि कर्ज काढून तिला उंच करायचे, कठडे लावायचे, कर्णे लावायचे. आम्ही हिशेब मांडतो तो कापसाच्या भाषेत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा जाहीर हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तो सगळ्यांच्या पदरात पडला का, हा वेगळा विषय. पण एवढ्या पैशात गावातली रोजची गाडी पाणंदीसाठी जेवढी तयार होऊ शकते तेवढी होते. आम्ही भादव्यानंतर आमच्या व्हॅनचे तेच केले.

पहिले, चेंबर गार्ड. इंजिनाच्या तेलाचे चेंबर दगडावर फुटले की गाडी संपली. तालुक्याच्या वेल्डरकडून तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा वाकवून घ्यावा, तेल काढायला भोक ठेवावे, हवा खेळायला फट ठेवावी. गाडीला तो वेल्डिंगने जोडू नये, बोल्टने बसवावा, म्हणजे काढता-घालता येतो.

दुसरे, पुढे-मागे ओढण्याचे हूक. ते थेट सांगाड्याला घट्ट बोल्टने बसवावेत. बंपरला किंवा स्टिअरिंगच्या दांडीला दोर बांधाल तर गाडी चिखलात राहील आणि बंपर तेवढा हातात येईल. दोर जाड नायलॉनचा असावा. ओढताना दोराच्या मध्यावर ओले पोते टाकावे आणि माणसांनी लांब उभे राहावे, कारण तुटलेला दोर चाबकासारखा येतो. बैल जुंपले असतील तर त्यांना झटका देऊ नये. गाडीवाल्याने पहिल्या गिअरमध्ये हळू साथ द्यावी.

तिसरे, हवा मोजायचे मीटर आणि पायपंप. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू हीच. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये तीस-बत्तीसची हवा असते. वाळूत किंवा भुसभुशीत रानात ती अठरा-वीसवर आणली की टायर पसरतो, दाब वाटला जातो आणि गाडी तरंगते. मात्र डांबरावर येताच हवा पुन्हा भरली पाहिजे, नाहीतर टायर तापून फाटेल.

चौथे, दोन पोती, एक फावडे आणि दोन फळ्या. आमच्याकडे तर पऱ्हाट्या आहेतच. रुतलेल्या चाकापुढे पऱ्हाट्यांची पेंढी दाबून घातली की चाकाला पकड मिळते.

आणि एक युक्ती फुकटची. व्हॅन किंवा जीपसारख्या गाडीला ओढ मागच्या चाकांची असते. एक मागचे चाक नुसते फिरत राहिले तर सगळी ताकद त्यातच वाया जाते. अशा वेळी हँडब्रेक दोन-तीन दात ओढावा. फिरणारे चाक अडते आणि जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला ओढ मिळते. मागच्या चाकांवर दोन पोती ज्वारी ठेवली तर आणखी बरे.

टायर झिजले असतील तरच बदलावेत. बदलायचेच असतील तर त्याच मापात, पण खोल आणि मोकळ्या नक्षीचे घ्यावेत. आमची काळी माती बारीक नक्षीत भरून बसते आणि टायर तुळतुळीत होतो. टायरचा खर्च तीन क्विंटल कापसाच्या घरात जातो, म्हणून घाई नको. मागचे कमानपाटे बसले असतील तर दुरुस्त करून घ्यावेत, पण गाडी चार-सहा इंच उंच करण्याच्या नादी लागू नये. ब्रेकच्या नळ्या ताणतात, शाफ्टचे सांधे लवकर जातात आणि वळणावर गाडी उलटते. सोंडेसारखी नळी, टपावरचे दिवे, पुढचा कठडा यांनी एक वीतभर चिखलही ओलांडता येत नाही.

आणि खरे तेही सांगितले पाहिजे. चार दिवसांच्या झडीनंतर भारी काळ्या रानात यातले काहीही पुरत नाही. ती माती पाणी पिऊन फुगते आणि चाक व मडगार्ड यांच्यामध्ये भरून चाकच थांबवते. त्या दिवशी बैल, नाहीतर ट्रॅक्टर. म्हणून गाडी सुधारली म्हणजे रस्त्याची मागणी संपली असे कोणी समजू नये. जो पुढारी तुम्हाला सांगेल की मोठ्या चाकाची गाडी घ्या, त्याला विचारा की तुमच्या बंगल्यापुढे डांबर कशाला टाकले?

कायदा कोणाला आडवा येतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने दिलेली आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेली माहिती बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठणकावून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पुढच्या लोखंडी कठड्यांवर कारवाई करा असे केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवले होते. शिवाय अपघात झाला तर बेकायदा फेरफाराचे निमित्त करून विमा कंपनी दावा नाकारते.

कायद्याचा हेतू आम्हाला मान्य आहे. उंच केलेली गाडी उलटून दुसऱ्याचा जीव जाऊ नये. पण अंमल कसा होतो ते पाहा. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्याकडे शेकडो नटवलेल्या गाड्या जातात. आणि वेचणीच्या बाया घेऊन येणाऱ्या व्हॅनला आठवड्याच्या बाजारादिवशी नाक्यावर थांबवून पत्रा का लावला, पाटा का बदलला, असे विचारले जाते. कोणता फेरफार चालतो आणि कोणता नाही याची सोप्या मराठीतली यादी आम्ही मागितली तर ती मिळाली नाही. नियम कळत नाही तिथे नाक्यावरच्या माणसाची मर्जी हाच नियम होतो.

बैलाचेही असेच झाले. अलिबाग-मुरूडच्या पुळणीवर बैलगाड्यांच्या शर्यती होत असत. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, तो अडला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. बैलाला क्रूरपणे वागवू नये हे आम्हाला कोणी शिकवायला नको, पण एवढे नोंदवून ठेवतो की सात वर्षे त्या पुळणीवर बैल धावला तर गुन्हा होता. मोटारींची हौस त्या सात वर्षांतही चालू होती.

पुळण हेही कोणाचे तरी रान आहे

रायगडचा किनारा म्हणजे मुंबईकरांचे अंगण नव्हे. याच अलिबाग तालुक्यातल्या चरीला १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. जमीन पडीक ठेवली, उपाशी राहिले, पण वाकले नाहीत. आजही तिथला शेतकरी खाडीलगतच्या खारजमिनीत बांधावरून डोक्यावर ओझे घेऊन चालतो. त्यालाही पावसाळ्यात वाट नाही. तो आमचाच भाऊ आहे.

त्या वाळूवर कोळणी मासळी वाळत घालतात. दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. मोटारीच्या चाकाखाली घरटे दबते आणि चाकोरीत पडलेले बोटभर पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. पेरलेल्या रानातून कोणी गाडी घातली तर आपण काय करतो? मग दुसऱ्याच्या रानात आपल्या पोरांनी तरी हा धुडगूस का घालावा? गाडी सुधारा, पण ती स्वतःच्या वाटेसाठी. साहसच करायचे असेल तर आषाढात आमच्या पाणंदीत या, निंदणीच्या बायांना सोडायला गाडी कमीच पडते.

मागायचे ते वाटेचे

पाणंदीसाठी योजना आल्या नाहीत असे नाही. २०१८ साली पालकमंत्र्यांच्या नावाने आली, २०२१ साली मातोश्रींच्या नावाने आली. नावे बदलली, आमच्या पाणंदीतला चिखल तोच राहिला. योजनेची वाट पाहताना हातातली हत्यारे विसरू नका. बांधावरून शेतात जाण्याची वाट मागता येते ती जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली, तहसीलदाराकडे. असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मुदत गेली की पस्तावाल. आणि प्रामाणिकपणे बोलायचे तर पाणंद अडवणारा बहुतेक वेळा आपलाच भाऊबंद असतो. एक तास जास्त पेरण्यासाठी नांगर वाटेत घालणारा तो आपणच. सरकारला शिव्या देण्याआधी आपापला बांध मागे घ्या.

म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. गावोगावच्या ग्रामसभेत पाणंदींची यादी नकाशावरून लिहून घ्यावी आणि रुंदी मोजावी. ज्यांची नांगरट वाटेत आली आहे त्यांनी या उन्हाळ्यातच ती सोडावी. परिवहन खात्याने चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या फेरफारांची यादी मराठीत छापून प्रत्येक तालुक्यात लावावी. आणि प्रत्येक गावातली किमान एक गाडी वर सांगितल्याप्रमाणे, कायद्यात बसेल एवढीच, वर्गणीने तयार ठेवावी. तिची किल्ली कोणाकडे आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असावे.

आमच्या व्हॅनची किल्ली पारासमोरच्या किराणा दुकानात टांगलेली आहे. मागच्या पावसाळ्यात ती दोनदा रात्री बाहेर पडली, दोन्ही वेळा बैल न जुंपता डांबरापर्यंत पोचली. तिसऱ्या वेळी झड लागली होती. त्या रात्री बैलच जुंपावे लागले. पाणंद अजून तशीच आहे.